पिच आधी, थ्रॉटल नंतर: ४५० वर्गाच्या मॉडेल हेलिकॉप्टरची जुळणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन सेलच्या लिपो बॅटरीवर चालणारे, फ्लायबार (रोटर स्थिर ठेवणारी वजनाची आडवी दांडी) नसलेले, ४५० वर्गाचे (सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाच्या रोटरचे) एक हेलिकॉप्टर प्रश्नकर्त्याने वापरलेल्या स्थितीत विकत घेतले. रेडिओची (हातातल्या रिमोटची) स्टिक अर्ध्यावर आणली तरी ते जमिनीवरच बसून राहते, अर्ध्याच्या थोडे पुढे नेले की एकदम छातीएवढे उसळते, घाबरून स्टिक खाली ओढली की दगडासारखे आपटते, आणि या सगळ्या वेळात शेपूट डावी-उजवीकडे हलत राहते. विकणाऱ्याने ‘सगळे सेट करून दिले आहे’ असे सांगितले होते. पिच कर्व आणि थ्रॉटल कर्वमध्ये, म्हणजे स्टिकच्या पाच जागांना पात्यांचा कोन आणि मोटरची शक्ती किती असावी हे ठरवणाऱ्या रेडिओतल्या रांगांमध्ये, कोणते आकडे टाकावेत, एवढेच त्यांनी विचारले आहे.

आकडे मी पुढे देणार आहे. मात्र ज्या हेलिकॉप्टरवर स्टिक मध्यावर असताना पात्यांचा कोन खरोखर शून्य आहे की नाही हे कोणी मोजलेले नाही, त्यात दुसऱ्याचे आकडे टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांचा चष्मा लावण्यासारखे आहे. त्यामुळे आधी दुखणे कोठे आहे ते पाहू.

कलेक्टिव्ह पिचच्या हेलिकॉप्टरमध्ये एकच स्टिक दोन गोष्टी हलवते. एक म्हणजे पात्यांचा कोन आणि दुसरी म्हणजे मोटरला मिळणारी शक्ती. नवशिक्याची समजूत बहुधा अशी असते की थ्रॉटल वाढवला की हेलिकॉप्टर वर जाते आणि पिच हा त्याच्या जोडीला असलेला काहीतरी बारकावा आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. वर-खाली करण्याचे काम पिचचे आहे. थ्रॉटलने फक्त रोटरचा वेग एका पातळीवर धरून ठेवायचा असतो. कोन वाढला की हवेचा विरोध वाढतो आणि रोटर मंदावू पाहतो, तेव्हा थ्रॉटलने तेवढी जास्त शक्ती पुरवावी. कोन कमी झाला की तेवढी काढून घ्यावी. उड्डाणाच्या पूर्ण वेळात रोटरचा आवाज जवळजवळ एकाच पट्टीत राहिला, तर जुळणी चांगली झाली असे समजावे.

याचे कारण गणितात आहे. पाती जी उचल देतात ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे रोटरचा वेग १० टक्क्यांनी घटला तर उचल १० नव्हे, १९ टक्क्यांनी घटते. आता आपल्या हेलिकॉप्टरकडे पाहा. वर्णनावरून माझा अंदाज असा आहे की त्यात दोन्ही कर्व शून्यापासून शंभरपर्यंत सरळ रेषेत ठेवलेले आहेत, म्हणजे रेडिओ कारखान्यातून जसा येतो तसेच. पिचची व्याप्ती उणे १० ते अधिक १० अंश आहे असे धरू. स्टिक अर्ध्यावर असताना कोन शून्य असतो, त्यामुळे रोटर कितीही फिरला तरी उचल शून्यच राहणार. स्टिक ६० टक्क्यांवर नेली की कोन २ अंश होतो आणि वेग कमाल वेगाच्या साठ टक्क्यांजवळ येतो. ७५ टक्क्यांवर कोन ५ अंश आणि वेगही पंचाहत्तर टक्के. वेग स्थिर असता तर या दोन जागांमध्ये उचल ढोबळ हिशेबाने अडीच पट झाली असती. वेगही बदलत असल्यामुळे ती जवळजवळ चौपट होते. शिवाय रोटर हे जड चाक आहे, त्याचा वेग स्टिकबरोबर लगेच वाढत नाही, क्षणभराने वाढतो. आपण स्टिक पुढे नेता, काही होत नाही म्हणून आणखी पुढे नेता, आणि मागून आलेला वेग व आधीच दिलेला कोन एकत्र येऊन हेलिकॉप्टर उसळते. स्टिक ओढली की मोटर बंद पडण्याच्या बेतात येते आणि त्याच वेळी पाती उणे कोनात जाऊन हेलिकॉप्टरला खाली ढकलतात. म्हणून ते नुसते पडत नाही, आपटते.

जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या आसपास मॉडेल हेलिकॉप्टर व्यवहार्य करून दाखवले, तेव्हा पात्यांचा कोन स्थिर ठेवून केवळ इंजिनाच्या वेगावर उंची सांभाळणारी मॉडेले होती आणि ती उडवणाऱ्यांना हाच उशीर सोसावा लागत असे. कलेक्टिव्ह पिच त्या उशीरावरचा उपाय आहे. चुकीच्या थ्रॉटल कर्वमुळे आपण तो उपाय खर्चून पुन्हा जुने दुखणे विकत घेतो.

आता प्रत्यक्ष जुळणी. कामाला बसण्यापूर्वी मोटरच्या तीन वायरींपैकी दोन ईएससीपासून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटपासून) सोडवून ठेवा. ईएससीमधूनच रिसीव्हर आणि सर्व्होंना (पात्यांचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरींना) वीज मिळत असल्यामुळे तो चालू ठेवावाच लागतो. मोटर मात्र फिरता कामा नये. ४५० वर्गाच्या रोटरचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर असतो आणि मिनिटाला २८०० फेऱ्यांना पात्यांची टोके ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास धावत असतात. मी एकदा रेडिओत दुसऱ्याच मॉडेलची मेमरी निवडलेली असताना बॅटरी जोडली होती. टेबलावरच्या पंख्याची वायर आणि माझ्या शर्टाची बाही एवढ्यावर निभावले. त्या दिवसापासून वायरी सोडवल्याशिवाय मी बॅटरीला हात लावत नाही.

रेडिओत सर्व ट्रिम आणि सबट्रिम (मध्य थोडा सरकवणाऱ्या सुधारणा) शून्यावर आणा, पिच कर्व ०-२५-५०-७५-१०० असा सरळ ठेवा आणि थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारा स्विच) चालू करा. काही रेडिओंमध्ये, विशेषतः एजटीएक्स प्रणालीवरच्या, कर्व उणे १०० ते अधिक १०० या पट्टीवर दाखवतात. तेथे मध्य म्हणजे ५० नव्हे तर ०, हे ध्यानात ठेवावे. दुसरी गफलत स्वॉशप्लेटच्या (सर्व्होंची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या तबकडीच्या) प्रकाराची होते. फ्लायबार असलेल्या जुन्या हेलिकॉप्टरमध्ये तीन सर्व्होंचे १२० अंशांचे मिश्रण रेडिओ करत असे, म्हणून रेडिओत १२० अंश निवडावे लागत. आपल्या हेलिकॉप्टरमध्ये ते मिश्रण एफबीएल युनिट (फ्लायबारच्या जागी असलेले, हेलिकॉप्टर स्थिर ठेवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) करते, म्हणून रेडिओत एक सर्व्होचा साधा प्रकार निवडायला हवा. दोघांनाही १२० अंश सांगितले तर मिश्रण दोनदा होते आणि पिच दिली की स्वॉशप्लेट वर जाण्याऐवजी वेडीवाकडी कलते. वापरलेल्या हेलिकॉप्टरबरोबर नवा रेडिओ जोडणाऱ्यांकडून ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता तीच आधी तपासतो.

त्यानंतरचे काम बोटांचे आहे आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यावा. स्टिक बरोबर मध्यावर ठेवा. या स्थितीत तीनही सर्व्होंचे हॉर्न (सर्व्होवर बसणाऱ्या भुजा) आपापल्या लिंकशी (जोडदांडीशी) काटकोनात असावेत, स्वॉशप्लेट मेन शाफ्टशी काटकोनात असावी आणि पात्यांचा कोन शून्य असावा. या तीन अटी याच क्रमाने पूर्ण करायच्या आहेत. सर्व्हो हॉर्न काढून वेगवेगळ्या दात्यांवर बसवून पाहा. चार भुजांचा हॉर्न असेल तर कोणती ना कोणती भुजा काटकोनाच्या अगदी जवळ येते, आणि उरलेला एक-दोन अंशांचा फरक तेवढा सबट्रिमने काढा. फ्लायबार नसलेल्या यंत्रात हा सबट्रिम एफबीएल युनिटच्या आत करायचा असतो, रेडिओत नव्हे, कारण रेडिओतल्या सबट्रिमला युनिट वैमानिकाची आज्ञा समजते आणि हेलिकॉप्टर त्या बाजूला सरकत राहते. मग स्वॉश लेव्हलर (सपाटी तपासण्याचे साधन) शाफ्टवर घालून स्वॉशप्लेट सपाट करा आणि शेवटी पात्यांकडे जाणाऱ्या वरच्या लिंक फिरवून कोन शून्यावर आणा. पुष्कळ जण हा शेवटचा टप्पा रेडिओतल्या पिच कर्वचा मध्यबिंदू ५० ऐवजी ५४ किंवा ४६ करून उरकतात. त्याने कोन शून्य दिसतो, पण वरची आणि खालची व्याप्ती असमान होते आणि पुढची प्रत्येक मोजणी त्या चुकीवर उभी राहते.

कोन मोजायला पिच गेज लागते. आठशे ग्रॅमच्या यंत्रात डोळ्यांनी अंदाज बांधू नये; एक अंशाचा फरक हॉव्हरच्या (हवेत एका जागी स्थिर राहण्याच्या) कोनाच्या पाचव्या हिश्शाएवढा आहे. हेलिकॉप्टर सपाट टेबलावर ठेवा, डिजिटल गेज आधी रोटर हेडच्या सपाट भागावर टेकवून तेथे शून्य करा आणि मग पात्याच्या मधोमध लावा. दोन्ही पाती मोजा. दोहोंत पाव अंशाहून जास्त फरक असेल तर एका पात्याची लिंक अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने बदला; हाच फरक पुढे हवेत पाती वेगवेगळ्या उंचीवर फिरताना दिसतो. गेज नसेल तर किमान शून्य तपासण्याची जुनी युक्ती आहे: दोन्ही पाती दुमडून एकाच बाजूला आणा, टोके एकमेकांवर सपाट बसली तर कोन शून्य आहे, कातरीसारखी तिरपी दिसली तर नाही.

हेलिकॉप्टर वापरलेले आहे म्हणून आणखी एक तपासणी सांगतो. सर्व्होंना वीज असताना पाते चिमटीत धरून हलकेच पिळून पाहा. स्वॉशप्लेट न हलता पाते अंशभर मागेपुढे होत असेल तर बॉल लिंक झिजल्या आहेत आणि कोणताही कर्व त्यावर चालणार नाही. काही रुपयांच्या या प्लास्टिकच्या वस्तू आहेत, त्या सगळ्या एकदम बदलाव्यात. त्याच वेळी हेही पाहून घ्या की पात्याची जाड गोलसर कड फिरण्याच्या दिशेने पुढे आहे आणि स्टिक वर नेल्यावर तीच कड वर उचलली जाते. हेलिकॉप्टर हातात धरून नाक खाली झुकवा; स्वॉशप्लेटने उलट, म्हणजे मागच्या बाजूला, कलले पाहिजे. ती नाकाबरोबर पुढेच झुकत असेल तर एफबीएल युनिटची दिशा उलटी लागली आहे आणि असे हेलिकॉप्टर उठता उठताच उलथते.

शून्य पक्के झाले की टोके. एफबीएल युनिटच्या मेनूमध्ये कलेक्टिव्हची कमाल व्याप्ती दोन्ही बाजूंना १० अंश ठेवा. हेलिकॉप्टर उलटे उडवणारे ११-१२ अंशांपर्यंत जातात. आपल्याला आज त्याची गरज नाही आणि ४५० च्या मोटरला १२ अंश पेलवतीलच असे नाही. अधिक १० आणि उणे १० या दोन्ही टोकांना स्वॉशप्लेट सपाट राहते का, कोठे अडकत तर नाही ना, हे लेव्हलर लावून पाहा. सायक्लिकच्या (हेलिकॉप्टर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कलवणाऱ्या हालचालीच्या) जुळणीत युनिट बहुधा ठराविक कोन मागते, काहींत तो ६ अंश असतो. तेथे पाती शेपटीच्या नळीला समांतर ठेवून आयलरॉनचा (डावी-उजवीकडे कलवणाऱ्या आज्ञेचा) कोन मोजायचा आणि मागितलेला आकडा अचूक द्यायचा. हेलिकॉप्टर ‘सौम्य’ व्हावे म्हणून तो कोन कमी करू नये. युनिटचा सगळा हिशेब त्या कोनावर उभा असतो आणि सौम्यपणासाठी रेडिओत एक्स्पो व ड्युअल रेट दिलेले आहेत.

आता कर्व. येथे दोन मते आहेत. एका मताचे लोक नॉर्मल मोडमध्ये (साध्या उड्डाणाच्या मांडणीत) हॉव्हर स्टिकच्या मध्यावर आणतात: तळाला उणे ३ अंश, मध्यावर अधिक ५, वर अधिक १०. आपल्या व्याप्तीत याचे आकडे ३५-५५-७५-८७-१०० असे होतात. शिकवणारे पुष्कळ जण हेच देतात, आणि पहिल्या आठवड्यात ते सोपे वाटते यात शंका नाही, कारण विमान उडवून आलेल्या माणसाचा हात मध्याला विसावतो. माझा आक्षेप पुढच्या महिन्याचा आहे. आयडल-अपमध्ये, म्हणजे स्टिक कोठेही असली तरी रोटर पूर्ण वेगात ठेवणाऱ्या कसरतीच्या मोडमध्ये, मध्यावर कोन शून्य असतो. हॉव्हर करत असताना आपण स्विच टाकला की स्टिक न हलवता कोन ५ वरून ० वर येतो आणि हेलिकॉप्टर हातातून निसटल्यासारखे खाली येते. म्हणून मी वरचा अर्धा भाग सर्व मोडमध्ये एकच ठेवतो आणि फक्त खालचा अर्धा बदलतो. नॉर्मल मोडसाठी ३५-४२-५०-७५-१०० ठेवा, म्हणजे तळाला उणे ३, मध्यावर शून्य, पाऊण स्टिकवर ५ आणि वर १० अंश मिळतात. आयडल-अपमध्ये सरळ ०-२५-५०-७५-१००. हॉव्हर पाऊण स्टिकच्या आसपास होईल; पहिले दोन दिवस हात वर अवघडल्यासारखा वाटेल, नंतर त्याची सवय होते आणि ती पुन्हा कधी मोडावी लागत नाही.

तळाला उणे कोन कशाला, असे आपण विचाराल. वाऱ्याच्या दिवशी शून्य कोनाचे हेलिकॉप्टर खाली उतरायलाच तयार होत नाही, आणि उतरल्यावर वाऱ्याच्या झोताने कलंडू शकते; उणे २-३ अंश त्याला जमिनीला चिकटवून ठेवतात. उणे १० मात्र नवशिक्याच्या हातात घातक आहे, कारण घाबरलेला हात स्टिक नेहमी तळापर्यंत ओढतो. आपण आपटण्याचे जे वर्णन केले आहे त्याचा अर्धा भाग या एका बदलाने जाईल.

उरलेला अर्धा थ्रॉटलकडे आहे. आधी ईएससीला रेडिओच्या थ्रॉटलची दोन्ही टोके शिकवावी लागतात. ही शिकवणी मोटरच्या बीप ऐकून करायची असल्यामुळे आता मोटरच्या वायरी जोडाव्या लागतील. म्हणून मुख्य पाती आणि शेपटीची पाती दोन्ही काढून ठेवा आणि जमले तर पिनियन (मोटरवरचे लहान दात्यांचे चाक) मेन गिअरपासून दूर सरकवा. या वेळेपुरता थ्रॉटल कर्व ०-१०० असा सरळ हवा आणि होल्ड बंद हवा. कर्व आधीच ८० वर सपाट करून ठेवला असेल तर ईएससी ८० लाच पूर्ण थ्रॉटल मानून बसतो आणि पुढे मोटर ‘अशक्त’ का झाली याचा शोध लागत नाही.

रोटर किती वेगाने फिरवायचा, हे कर्वच्या आधी ठरवा. हिशेब सोपा आहे: मोटरचा केव्ही (दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे) गुणिले व्होल्ट, भागिले गिअरचे प्रमाण, आणि प्रत्यक्षातली तूट म्हणून त्याचे ८५ टक्के. जुन्या टी-रेक्स ४५० सारख्या यंत्रात मेन गिअरला १५० दाते आणि पिनियनला १३ असले तर प्रमाण ११.५४ होते, ३५०० केव्हीची मोटर आणि ११.१ व्होल्ट धरले तर पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला सुमारे २८६० फेरे मिळतात. आपल्या यंत्राचे दाते मोजून हाच हिशेब करा. शिकताना मी २५०० च्या आसपास ठेवायला सांगतो. त्याहून फार कमी ठेवल्यास हेलिकॉप्टर शांत वाटते, पण सायक्लिक सुस्त होते आणि शेपूट दुबळी होते, कारण शेपटीचा रोटर त्याच गिअरवर फिरत असतो.

ईएससीमध्ये गव्हर्नर असेल तर तो वापरा. गव्हर्नर स्वतः वेग मोजून शक्ती कमीजास्त करतो, त्यामुळे थ्रॉटल कर्व हा कर्व राहतच नाही, ती नुसती वेगाची निवड होते. सर्व मोडमध्ये ७०-७०-७०-७०-७० अशी सपाट रेषा ठेवा, मोटर सुरू-बंद करण्याचे काम थ्रॉटल होल्डच्या स्विचला द्या आणि सॉफ्ट स्टार्ट (मोटर हळूहळू वेगात आणण्याची सोय) चालू असल्याची खात्री करा. ७० म्हणजे नेमके किती फेरे हे प्रत्येक ईएससीत निराळे असते, म्हणून मोजून तो आकडा खाली-वर करावा. अट एकच: बॅटरी उतरत आलेली असतानाही मोटर जो वेग देऊ शकते त्याच्या दहा टक्के तरी खाली गव्हर्नरचे लक्ष्य हवे. वरच्या उदाहरणात २८६० चे दहा टक्के काढले की २५७० उरतात, म्हणून २५०० योग्य आणि २८०० अयोग्य. राखीव शक्ती नसलेला गव्हर्नर चढताना हतबल होतो.

गव्हर्नर नसेल तर कर्वला त्याचे काम करावे लागते. नॉर्मलसाठी ०-७५-८०-८५-९० आणि आयडल-अपसाठी ९०-८५-८०-८५-९० पासून सुरुवात करा. आयडल-अपचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा आहे, कारण मध्यावर कोन शून्य असल्याने ओझे सगळ्यात कमी असते आणि दोन्ही टोकांना ते वाढते. नॉर्मलमध्ये तळाचा शून्य मोटर सुरू करण्यापुरता आहे. हवेत असताना स्टिक पाव भागाच्या खाली नेली तर मोटर मंदावते, ही या कर्वची उणीव आहे आणि ती पत्करूनच तो वापरायचा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टची असते आणि उतरता उतरता ११.१ पर्यंत येते. म्हणजे गव्हर्नर नसताना त्याच स्टिकवर वेग बारा टक्क्यांनी आणि उचल बावीस टक्क्यांच्या आसपास घटते. उड्डाणाच्या शेवटी हॉव्हरची स्टिक वर सरकलेली दिसली तर कर्व बिघडलेला नसतो, बॅटरी उतरायची वेळ झालेली असते.

वेग मोजण्यासाठी प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर वापरत असाल तर एक गंमत सांगून ठेवतो. घरात जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली तो थेट ३००० हा आकडा दाखवतो, हेलिकॉप्टर बंद असले तरीही. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, मिनिटाला ६००० वेळा, आणि दोन पात्यांनी भागले की ३००० फेरे! ४५० साठी हा आकडा इतका विश्वसनीय दिसतो की सुरुवातीच्या काळात मी एक संपूर्ण रविवार त्यावर कर्व जुळवत बसलो होतो. मोजणी उघड्यावर, दिवसाच्या उजेडातच करावी.

इंधनावरच्या हेलिकॉप्टरविषयी थोडक्यात एवढेच की तेथे आधी इंजिनाची सुई (इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) जुळवावी आणि मगच कर्वला हात लावावा, हॉव्हरला कार्ब्युरेटर साधारण अर्धा उघडा असावा, आणि होल्डमध्ये थ्रॉटल शून्य न ठेवता इंजिन मंदगतीने चालू राहील एवढा ठेवावा, नाहीतर प्रत्येक सरावाला इंजिन पुन्हा सुरू करायला पळावे लागते.

होल्डचा पिच कर्व आयडल-अपसारखाच सरळ ठेवा. मोटर बंद झाल्यावर उणे ३-४ अंशांत खाली येताना रोटर वाऱ्यावर फिरत राहतो आणि जमिनीजवळ अधिक कोन देऊन त्या साठलेल्या वेगावर उतरता येते. होल्डमध्ये तळाला कोन शून्य ठेवलेला असेल, तर रोटरला वेग राखण्याची संधीच मिळत नाही.

शेपटीचे दुखणे मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण ते बहुतेक वेळा शेपटीचे नसते. रोटरवर ओझे वाढले की यंत्राचे अंग उलट दिशेने वळू पाहते, आणि जायरो (वळणे ओळखणारा सेन्सर) ते शेपटीने आवरतो. रोटरचा वेग सतत खालीवर होत असेल तर जायरोला सतत नवे गणित सोडवावे लागते. आधी वरचे सगळे करा. रेडिओत पिच-टू-रडर मिश्रण (पिचबरोबर शेपटीलाही आपोआप आज्ञा देणारे), ज्याला जुने लोक रेव्हो म्हणतात, ते चालू असेल तर बंद करा. हेडिंग होल्ड (नाकाची दिशा धरून ठेवणाऱ्या) जायरोबरोबर ते चालत नाही. त्यानंतरही शेपूट भरभर थरथरत असेल तर जायरोचा गेन (सुधारणेचा जोर) पाच-पाचने कमी करा. संथ लयीत हलत असेल आणि त्याबरोबर मोटरचा आवाजही चढ-उतार करत असेल, तर गव्हर्नर लक्ष्याच्या मागेपुढे धावतो आहे. त्याचा गेन कमी करा.

पहिले उड्डाण सकाळी, वारा नसताना करा. एका पात्याच्या टोकाला रंगीत टेप लावा आणि किमान आठ-दहा मीटर दूर उभे राहा. रोटर पूर्ण वेगात आल्यावर स्टिक हळूहळू वर न्या. ७० ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान यंत्र हलके होऊन उठले पाहिजे. टोके एकाच पातळीत फिरताना दिसत नसतील तर खाली उतरवा आणि टेप लावलेले पाते वर आहे की खाली हे पाहून लिंक अर्धा फेरा बदला. मग दहा मीटर उंचीवरून दोन सेकंद पूर्ण पिच द्या आणि कान देऊन ऐका. आवाज दबला तर मोटरला १० अंश पेलवत नाहीत; कमाल कोन ९ वर आणा किंवा थ्रॉटलचे वरचे टोक वाढवा. उतरल्यावर मोटर आणि बॅटरीला बोट लावून पाहा. तीन-चार सेकंद बोट ठेवता येत नसेल तर हे दोन्ही न करता लहान पिनियनचा विचार करा.

सकाळी जुळवलेले दुपारी बिघडल्यासारखे वाटेल, त्याने गोंधळू नका. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी १२ अंश तापमान असते आणि एप्रिलच्या दुपारी ३८. एवढ्या फरकाने हवेची घनता सुमारे ८ टक्क्यांनी उतरते आणि तेवढीच उचलही. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर जुळवलेले यंत्र येथे आणले तरी हॉव्हरचा कोन थोडा वाढतो. त्यासाठी कर्व बदलायचा नसतो, स्टिक बोटभर वर राहू द्यायची असते.

आठ-दहा उड्डाणे अशी झाली की डोक्याएवढ्या उंचीवर नव्हे, तर खाली चार-पाच मीटरहून जास्त मोकळी जागा ठेवून स्थिर हॉव्हर धरा आणि स्टिक न हलवता नॉर्मलवरून आयडल-अपचा स्विच टाका. यंत्र वर उचलले गेले किंवा खाली बसले तर पिच कर्वच्या वरच्या अर्ध्या भागात कोठेतरी फरक राहिला आहे. उंची तीच राहून फक्त आवाज बदलला तर थ्रॉटलच्या आकड्यांत. काहीच घडले नाही, तर आकडे कागदावर उतरवून ठेवा आणि रेडिओच्या मेमरीत त्याची एक प्रत करून ठेवा.